ग्रॅहम सदरलंड यांची सॅम्युअल पामर यांना मानवंदना

सॅम्युअल पामर (१८०५–१८८१) हे इंग्लंडमधील निसर्गचित्रकार. तरुणपणी काही वर्षे ते केंट परगण्यातील शोरहॅम या खेड्यात राहिले. तेथे रंगवलेली चांदण्यातली शेते, डवरलेली झाडे आणि मेंढरांचे कळप हीच आज त्यांची ओळख आहे. हयातीत मात्र या चित्रांची फारशी कदर झाली नाही. १९०९ मध्ये तर त्यांच्या मुलानेच वडिलांच्या अनेक चित्रवह्या जाळल्या. त्या कोणाला उमगणार नाहीत, उलट त्यांची विटंबना होईल, असे त्याला वाटले.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याला दुकानात पामर यांचे ‘द हर्ड्‌समन्स कॉटेज’ हे तळहाताएवढे मुद्राचित्र मिळाले. ते पाहून थक्क झालेल्या वर्गमित्रांत ग्रॅहम सदरलंड (१९०३–१९८०) होते.

हे चित्र अम्लरेखनाचे, म्हणजेच एचिंगचे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेखाटतात आणि पत्रा अम्लात बुडवतात. उघड्या रेषा अम्लाने खोल होतात व त्यांत शाई बसते. त्या काळी मोजक्या रेषा आणि भरपूर मोकळा कागद यांची चाल होती. पामर यांनी मात्र सारा पत्रा बारीक रेषांनी भरला होता आणि त्या दाट काळोखात मावळतीचा उजेड जपला होता.

सदरलंड यांनी हीच रीत उचलली. ‘पेकन वुड’ (१९२५), ‘क्रे फील्ड्‌स’ (१९२५) आणि ‘लॅमस’ (१९२६) ही त्यांची मुद्राचित्रे म्हणजे पामर यांना वाहिलेली आदरांजलीच होय. यांत पामर यांच्या एकाही चित्राची नक्कल नाही. घराण्याची गायकी घेऊन आपली चीज मांडावी, तसे हे काम आहे. १९२६ मध्येच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पामर यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले आणि विस्मृतीतला चित्रकार पुन्हा चर्चेत आला.

१९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर मुद्राचित्रांचा बाजार बसला आणि सदरलंड हळूहळू रंगचित्रांकडे वळले. ‘पास्टोरल’ (१९३०) या मुद्राचित्रातली पिळवटलेली झाडे पाहिली, की पामर यांचा शांत गाव मागे पडल्याचे जाणवते.

वाचकांनी ‘द हर्ड्‌समन्स कॉटेज’ आणि ‘पेकन वुड’ शेजारी ठेवून पाहावीत, असे आम्ही सुचवतो. जे जाळले गेले ते परत आले नाही. पण एका लहानशा छापामुळे ती दृष्टी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली.