पॉलेट मॅकडोना कोण होत्या?

मूकपटांच्या काळात सिडनीतल्या तीन बहिणींनी मिळून सिनेमे काढले. पॉलेट मॅकडोना लेखन-दिग्दर्शन करायच्या, फिलिस कलादिग्दर्शन आणि प्रसिद्धी पाहायच्या, तर इझाबेल 'मेरी लॉरेन' या नावाने नायिका व्हायच्या. आणि सेट? बऱ्याचदा चक्क राहतं घर!

'दोज हू लव्ह' (१९२६), 'द फार पॅरडाइज' (१९२८) यांनंतर 'द चीटर्स' (१९३०) आला. तोवर बोलपट सुरू झाल्याने त्यात आवाजाचे प्रसंग मागाहून घालावे लागले. १९३३ चा युद्धविरोधी 'टू मिनिट्स सायलेन्स' मात्र चालला नाही. आज त्याची प्रिंटही उरलेली नाही.

त्यानंतर ऑस्ट्रेलियात एखाद्या स्त्रीने दिग्दर्शित केलेला पुढचा मोठा व्यावसायिक कथापट यायला तब्बल ४६ वर्षं लागली: गिलियन आर्मस्ट्राँग यांचा 'माय ब्रिलियंट करिअर' (१९७९). पॉलेट आदल्याच वर्षी वारल्या होत्या.