आत्मचरित्र-प्रकाशन : महाड–पोलादपूर परिसर

आत्मचरित्र-प्रकाशन म्हणजे व्यक्तीने स्वतःच्या जीवनाविषयी लिहिलेला वृत्तांत मुद्रित होऊन वाचकांपर्यंत पोहोचणे. लेखन आणि प्रकाशन ह्या दोन घटनांत मराठीत पुष्कळदा मोठे अंतर पडलेले दिसते. दादोबा पांडुरंग यांनी आपल्या पूर्वायुष्याचा वृत्तांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लिहिला; तो अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये, स्वतः लिहिलेल्या चरित्राची जोड देऊन, प्रसिद्ध केला. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर हे सावित्री नदीच्या खोऱ्यातील तालुके ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

ह्या परिसराशी निगडित असलेला सर्वांत जुना चरित्रग्रंथ आत्मपर नव्हे, तर राजचरित्रपर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंद यांनी शिवभारत हे संस्कृत काव्य रचले. त्यांची समाधी पोलादपूर येथे दाखविली जाते. काव्याचे एकतीस अध्याय पूर्ण असून बत्तिसावा अपुरा आहे. तंजावरच्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकर यांनी ते १९२७ मध्ये छापून प्रसिद्ध केले. राजाश्रय लाभलेल्या ग्रंथालाही छापखान्यापर्यंत पोहोचण्यास अडीचशे वर्षे लागली.

महाड तालुक्यात जन्मलेल्या दोन समकालीनांच्या आत्मचरित्रांची तुलना उद्‌बोधक ठरते. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६–२ ऑक्टोबर १९८२) यांचा जन्म रायगडाच्या परिसरातील नाते येथे झाला. वडील वकील होते. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज येथील शिक्षण, भारतीय सनदी सेवा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नरपद (१९४३–४९), केंद्रीय अर्थमंत्रिपद (१९५०–५६) हा त्यांचा जीवनक्रम सर्वपरिचित आहे. त्यांचे आत्मचरित्र द कोर्स ऑफ माय लाइफ १९७४ मध्ये, त्यांच्या हयातीतच, ओरिएंट लाँगमनने प्रकाशित केले. मेघदूत मराठी पद्यात आणणाऱ्या ह्या विद्वानाने स्वतःच्या जीवनासाठी मात्र इंग्रजी भाषा निवडली, हे येथे नोंदविणे अस्थानी होणार नाही. अखिल भारतीय वाचकवर्ग, निवृत्तीनंतरचा अवकाश आणि नामांकित प्रकाशनसंस्था ह्या तिन्ही गोष्टी त्यांना अनुकूल होत्या.

रामचंद्र बाबाजी मोरे (१९०३–७२) यांचा जन्म त्याच तालुक्यातील लाडवली येथे, देशमुखांनंतर सात वर्षांनी, महार कुटुंबात झाला. शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी त्यांना झगडावे लागले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला; महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला, परंतु चवदार तळ्यावर प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या संयोजकांत मोरे अग्रभागी होते. ह्याच परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. पुढे मोरे कम्युनिस्ट चळवळीत गेले. आव्हान हे पत्र त्यांनी चालविले आणि १९६५ मध्ये जीवनमार्ग हे साप्ताहिक सुरू केले. इतरांचा मजकूर छापण्यासाठी आयुष्यभर झटणाऱ्या ह्या संपादकाचे आत्मचरित्र मात्र हयातीत पूर्णही झाले नाही आणि छापलेही गेले नाही.

ह्या अपुऱ्या लेखनाचे मोल ऐतिहासिक आहे. महाडचा सत्याग्रह सामान्यतः नेत्याच्या चरित्रातून, ३ एप्रिल १९२७ पासून निघू लागलेल्या बहिष्कृत भारतातून व न्यायालयीन निर्णयातून (१९३७) सांगितला जातो. मोरे यांच्या कथनात सत्याग्रहापूर्वीचे महाड दिसते : दासगावचे बंदर, लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायांमुळे वस्त्यांत आलेली अक्षरओळख, बाजारास येणाऱ्यांची पाण्यावाचून होणारी कुचंबणा. परिषद एकाएकी भरली नाही, तिच्यामागे स्थानिक तरुणांची तयारी होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

१९७२ नंतर मराठीत आत्मकथनांना अनुकूल काळ आला. दया पवार यांचे बलुतं (१९७८) ग्रंथालीने प्रकाशित केले, प्र. ई. सोनकांबळे यांचे आठवणींचे पक्षी (१९७९) व लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) पाठोपाठ आले. नवोदित आत्मकथनकारास ग्रंथापूर्वी नियतकालिकाचा मार्ग सुलभ पडतो, असे मराठीतील उदाहरणांवरून म्हणता येते. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे प्रथम संजीवनीतून प्रसिद्ध होऊ लागली. फलटणच्या बेबी कांबळे यांनी घरातल्यांपासून लपवून ठेवलेले लेखन मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने स्त्री मासिकातून बाहेर आले आणि १९८६ मध्ये जिणं आमचं ह्या नावाने ग्रंथरूप झाले. क्रमशः प्रसिद्धीमुळे लेखकास मुदतीचे बंधन पडते, वाचकांच्या पत्रांतून चुका व विस्मृत तपशील कळतात आणि प्रकाशकास ग्रंथाचा अंदाज येतो.

मोरे यांच्या लेखनास ही लाट लाभली नाही. तीत वैयक्तिक वेदनेच्या साहित्यिक आविष्काराला मान होता. कार्यकर्त्याची रोखठोक स्मरणे त्या चौकटीत सहज बसणारी नव्हती. आंबेडकरी व कम्युनिस्ट ह्या दोन्ही चळवळींशी नाते असलेल्या माणसाचे कथन कोणत्याच एका पक्षाच्या इतिहासात पूर्णपणे सामावत नव्हते, हेही विलंबाचे एक कारण असावे. अखेर त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी वडिलांच्या अपुऱ्या आत्मचरित्रास स्वतः लिहिलेल्या चरित्राची जोड दिली व २००३ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी, ते मराठी वाचकांसमोर आले. प्रियोळकरांनी दादोबांसाठी योजिलेली रीतीच येथे, बहुधा नकळत, अवलंबिली गेली. त्याच वर्षी कोकणातीलच ऊर्मिला पवार यांचे आयदान प्रसिद्ध झाले. मोरे यांच्या ग्रंथाचा वंदना सोनाळकर यांनी केलेला व अनुपमा राव यांनी संपादिलेला इंग्रजी अनुवाद मेमॉयर्स ऑफ अ दलित कम्युनिस्ट ह्या नावाने दिल्लीच्या लेफ्टवर्ड बुक्सने काढला.

भारतीय प्रतिलिप्याधिकार अधिनियमानुसार (१९५७) लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या वाङ्‌मयाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे वारसांची संमती घेणे आवश्यक असते. त्याआधीची अडचण कागद टिकविण्याची आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या, तर जुलै २०२१ मध्ये महाड शहरात पुराचे पाणी शिरले आणि तळिये येथे व पोलादपूर तालुक्यात दरडींनी वस्त्या गाडल्या. ह्या परिसरात वह्या, पत्रे व दाखले घरातील पेटीत ठेवून भागत नाही. त्यांची दुसरी प्रत खोऱ्याबाहेर, एखाद्या ग्रंथालयात वा अभिलेखागारात, असावी लागते.