जालक-स्पिन प्रतिमाने : सुव्यवस्थेच्या अटी

अवकाशातील बिंदूंच्या नियमित मांडणीस जालक म्हणतात. प्रत्येक बिंदूवर ठेवलेला एकक लांबीचा दिशादर्शक चल म्हणजे स्पिन. लगतच्या दोन स्पिनांची ऊर्जा ‘उणे ज गुणिले त्यांच्यातील कोनाची कोज्या’ इतकी मानली, म्हणजे प्रतिमान पूर्ण होते. येथे ज धन आहे. कितीही दूरचे स्पिन सरासरीने एकाच दिशेस राहत असतील, तर त्या स्थितीस दीर्घपल्ल्याची सुव्यवस्था म्हणावे. विवेच्य प्रश्न असा : शून्याहून अधिक निरपेक्ष तापमानास ती केव्हा टिकते?

प्रतिमानांचे वर्गीकरण दोन संख्यांनी होते : (१) जालकाची मिती म, (२) स्पिनाची घटकसंख्या घ. घ = १ असता आयसिंग, २ असता एक्सवाय आणि ३ असता हायझेनबर्ग प्रतिमान मिळते.

निर्णयाचा निकष मुक्त ऊर्जा हा आहे. सुव्यवस्था भंगल्याने ऊर्जा वाढते, एंट्रॉपीही वाढते. तापमान आणि एंट्रॉपीवाढ यांचा गुणाकार ऊर्जावाढीहून मोठा ठरल्यास सुव्यवस्था नष्ट होते.

प्रथम घ = १. याचे दोन पोटभेद आहेत.

(अ) म = १. साखळीत एका ठिकाणी दिशा उलटल्यास ऊर्जा २ज ने वाढते. ही वाढ साखळीच्या लांबीवर अवलंबून नाही. उलटण्याच्या जागा मात्र लांबीबरोबर अमर्याद वाढतात. म्हणून सुव्यवस्था अशक्य. लेंझ यांनी १९२० मध्ये सुचविलेल्या प्रतिमानाबाबत आयसिंग यांनी १९२५ मध्ये हेच दाखविले. मात्र उच्च मितींतही तसेच घडेल, हे त्यांचे अनुमान टिकले नाही.

(आ) म = २. चौरस जालकात उलट्या स्पिनांच्या प्रदेशाची सीमा ल बंधांची असेल, तर ऊर्जावाढ २जल होते. सीमेला प्रत्येक पावलास फार तर तीन वाटा असल्याने एंट्रॉपीही फार तर ल च्या प्रमाणातच वाढते. दोन्ही पदे समप्रमाण असल्यामुळे पुरेशा कमी तापमानास ऊर्जापद वरचढ ठरते. पायर्ल्स यांची १९३६ ची ही युक्ती. ऑनसागर यांनी १९४४ मध्ये मुक्त ऊर्जेचे अचूक सूत्र दिले.

आता घ ≥ २. येथे दिशा एकदम न उलटता ल अंतरावर थोडीथोडी वळू शकते. त्यामुळे ऊर्जावाढ ल च्या (म − २) या घाताच्या प्रमाणात राहते. म = २ असता ती ल बरोबर वाढत नाही; म = ३ असता वाढते. म्हणून सुव्यवस्थेस किमान तीन मिती लागतात. द्विमितीतील निषेध मर्मिन व वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केला. तथापि म = २, घ = २ येथे भोवऱ्यांमुळे (एका बिंदूभोवती पूर्ण फेरा घेणाऱ्या स्पिनरचनांमुळे) निराळे संक्रमण घडते; त्याखाली सहसंबंध अंतराच्या घाताने मंदपणे घटतात. त्याची उपपत्ती बेरेझिन्स्की (१९७१) आणि कोस्टर्लिट्झ व थाउलेस (१९७३) यांची.

उरतो जालकाच्या आकाराचा प्रश्न. द्विमितीय आयसिंग प्रतिमानाचे क्रांतिक तापमान (ज्याखाली सुव्यवस्था टिकते ते), ज भागिले बोल्ट्समन स्थिरांक या एककात, चौरस जालकासाठी २.२६९ व त्रिकोणी जालकासाठी ३.६४१ आहे. तरी क्रांतिक बिंदूजवळ चुंबकन (स्पिनांची सरासरी) दोहोंत तापमान-अंतराच्या १/८ या घातानेच लोपते. अर्थात संक्रमण कोठे घडेल हे जालकाची रचना ठरविते; ते घडेल की नाही आणि कोणत्या घातांकाने घडेल, हे म आणि घ ठरवितात.