मुकुटबनची धूळ आणि तारेभोवतीचे विद्युत क्षेत्र

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्याचे मुकुटबन हे गाव चुनखडी आणि दगडी कोळसा या दोहोंच्या पट्ट्यात येते, आणि वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना तेथे २०२२ मध्ये सुरू झाला. चुनखडी दळणे, भट्टीत भाजणे, निघालेले क्लिंकर पुन्हा दळणे, ही सिमेंटची रीतच अशी की तिच्या पायरीपायरीवर धूळ उडते. या उद्योगात धूळ अडवण्याचे दोन मार्ग रूढ झाले: धूर कापडी पिशव्यांतून गाळणे, किंवा त्यातील कणांना विद्युतप्रभार देऊन ते पत्र्यांकडे ओढून घेणे. दुसऱ्या मार्गाच्या यंत्राला कारखान्यांत ‘ईएसपी’ म्हणतात, आणि त्याचा इतिहास म्हणजे प्रभार नेमका कोठे पसरला आहे हे हळूहळू उमगत गेल्याचा इतिहास होय.

कूलोम यांनी १७८५ मध्ये मांडलेला नियम बिंदूएवढ्या प्रभारांपुरता होता. तारेवर मात्र प्रभार सलग पसरलेला असतो. म्हणून तारेचे सूक्ष्म तुकडे कल्पून प्रत्येकाचे क्षेत्र काढायचे आणि दिशा सांभाळून त्यांची बेरीज, म्हणजे संकलन, करायचे. लांब सरळ तारेच्या बाबतीत तारेला समांतर असलेले घटक परस्परांना रद्द करतात आणि उरलेले क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर केवळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. १ मिलिमीटर त्रिज्येची तार १०० मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत मध्यभागी टांगून दोहोंत ५०,००० व्होल्टचा फरक ठेवला, तर तारेच्या पृष्ठभागी दर मीटरला सुमारे १०९ लाख व्होल्ट इतके क्षेत्र येते, तर नळीच्या भिंतीशी ते १ लाखाच्या थोडेच वर राहते. साधी हवा सुमारे ३० लाखांना फुटते. त्यामुळे तारेलगतच्या काही मिलिमीटरांतच हवेचे आयनीभवन होते, ज्याला प्रभामंडल म्हणतात, आणि बाकीची नळी ठिणगीवाचून राहते. विद्यार्थ्यांना रुक्ष वाटणाऱ्या या उदाहरणावरच सारे यंत्र उभे आहे.

लाइपझिगच्या होलफेल्ड यांनी १८२४ मध्येच प्रभारित तारेने बरणीतील धूर खाली बसतो हे दाखवले होते. ऑलिव्हर लॉज यांच्या सल्ल्याने १८८५ मध्ये वेल्समधील बॅगिल्टच्या शिसे-कारखान्यात त्याचा प्रयोग झाला तो फसला, कारण विद्युत-प्रवर्तनाच्या यंत्रांतून मिळणारी वीज अपुरी होती आणि शिशाची धूळही वीज सहजी वाहू देत नव्हती. यश आले ते फ्रेडरिक कॉट्रेल यांना. त्यांनी १९०७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आम्लाचे तुषार अडवले, आणि १९१२ मध्ये तेथील रिव्हरसाइडच्या सिमेंट कारखान्यात हे तंत्र बसले. संत्र्यांच्या बागायतदारांनी धुळीविरुद्ध कोर्टाची पायरी चढल्याने कारखानदारांना ते बसवणे भाग पडले, हे वैदर्भीय वाचकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रत्यक्षात मात्र तारेचे सोपे सूत्र पुरत नाही. आयन आणि प्रभारित धूळ मधल्या पोकळीतच भरून राहत असल्याने प्रभार आता तारेवरच नव्हे, तर अवकाशभर सलग पसरतो. अशा ठिकाणी क्षेत्र प्रभारघनतेशी कसे बांधलेले असते हे प्वासाँ यांनी १८१३ मध्येच सांगून ठेवले होते. पुढे १९२२ मध्ये डॉइच यांनी दिलेल्या सूत्रानुसार ९९ टक्क्यांवरून ९९.९ टक्के धूळ पकडायची, तर पत्र्यांचे क्षेत्रफळ दीडपट करावे लागते.

प्रभाराचा तिसरा पसारा, विशेषतः कोळशाच्या वीजकेंद्रांतील ईएसपीमध्ये, पत्र्यावर साचलेल्या राखेत होतो. भारतीय कोळशात राख फार आणि गंधक कमी असल्याने ती राख विजेला कडवा रोध करते. अशा थरात प्रभार साचून तेथील क्षेत्र इतके वाढते की थरच फुटतो आणि उलट प्रभाराचे आयन मागे फिरून धुळीचा प्रभार उतरवतात. म्हणून वीजकेंद्रांत धुरात अमोनिया किंवा गंधकाचा ट्रायऑक्साइड मिसळण्याचा, तर सिमेंटच्या भट्टीच्या धुरावर आधी पाणी फवारण्याचा उपाय रूढ झाला. अशा रीतीने वीजकेंद्रांत पकडलेली राख पुढे क्लिंकरमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत मिसळून पोझोलाना सिमेंट होते.