फोटोतला रंग मूड कसा बदलतो? मोबाइलमधला व्हाइट बॅलन्स समजून घेऊया

गेल्या दिवाळीत गावी आजी ओट्यावर पणत्या लावत होती. दिवेलागणीची वेळ, मागे झेंडूचं तोरण. मी पटकन फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. दहाच मिनिटांत नाशिकहून आत्याचा फोन, "अरे, आईची तब्येत बरी आहे ना? चेहरा किती उतरलाय तिचा!"

आजी ठणठणीत होती. बिघडला होता तो फोटोतला रंग. दिवसा कोड लिहितो, त्यामुळे बग कुठे आहे हे शोधल्याशिवाय मला झोप येत नाही. तर हा बग म्हणजे व्हाइट बॅलन्स.

उजेडालाही रंग असतो

प्रकाशाचा रंग केल्व्हिन या एककात मोजतात. पणती किंवा मेणबत्तीचा उजेड साधारण 1900 केल्व्हिन, जुना पिवळा बल्ब 2700 ते 3000, दुपारचं ऊन 5500 च्या आसपास आणि सावलीतला किंवा संध्याकाळच्या आकाशाचा उजेड 7000 च्याही वर. आकडा कमी तितका उजेड पिवळा, आकडा जास्त तितका निळा.

आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण मेंदू तो आपोआप वजा करतो. बल्बखाली वहीचं पान पिवळं दिसायला हवं, पण आपल्याला पांढरंच दिसतं. 2015 मध्ये व्हायरल झालेला तो ड्रेस आठवतोय? कुणाला पांढरा-सोनेरी, कुणाला निळा-काळा. प्रत्यक्षात तो निळा-काळा होता. ड्रेस निळसर सावलीत आहे असं ज्यांच्या मेंदूने गृहीत धरलं, त्यांनी निळा वजा केला आणि त्यांना तो पांढरा दिसला. ज्यांनी पिवळा उजेड धरला, त्यांना तो निळा दिसला. फोटो एकच, भांडणं घरोघरी.

फोन काय करतो?

सेन्सरला 'रंग' असा कळत नाही. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो आणि तो पिक्सेल त्या रंगाचा प्रकाश किती आला एवढंच मोजतो. मग सॉफ्टवेअर लाल आणि निळ्याच्या आकड्यांना एकेका संख्येने गुणतं. या दोन संख्या म्हणजेच व्हाइट बॅलन्स. त्या चुकल्या की सगळा मूड पालटतो.

या संख्या ठरवायची सगळ्यात जुनी युक्ती अशी: फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यायला हवी असं धरून चाला. आजचे फोन याहून बरेच हुशार आहेत, पण खोड तीच. फ्रेममध्ये एकच रंग भरलेला असला की फोनला वाटतं हा उजेडाचा दोष आहे, आणि तो त्याला पुसायला बसतो. म्हणून हळदीचे फोटो फिके येतात. 9 सप्टेंबर 2020 ला वणव्यांच्या धुरामुळे सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भरदिवसा नारिंगी झालं होतं, आणि अनेकांच्या फोनने ते चक्क राखाडी करून दाखवलं.

माझ्या फोटोत पणत्या आणि झेंडू मिळून भरपूर पिवळं होतं. फोनने पिवळं कमी केलं, म्हणजे निळं वाढवलं. पण आजीच्या चेहऱ्यावर उजेड होता तो संध्याकाळच्या आकाशाचा, आधीच निळसर. त्यात आणखी निळा मिसळला आणि आजी आजारी दिसायला लागली. त्वचेतला लालसर-पिवळा भाग कमी झाला की आपण 'बरं नाहीये' असंच वाचतो. सिनेमावाले हेच मुद्दाम करतात. दिवसा शूट केलेला सीन थोडा काळोखा आणि निळा केला की प्रेक्षक त्याला रात्र समजतो.

मग करायचं काय?

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात डब्ल्यूबी नावाचं सेटिंग बघा. पणत्या, हळद, सूर्यास्त यांच्यासाठी ऑटो बंद करून 5000 ते 5500 ठेवा. पिवळा पिवळाच राहील.

इथे एक गोची आहे, मीही यात फसलोय. वर म्हटलं की जास्त केल्व्हिन म्हणजे निळा उजेड. पण स्लायडर 7500 वर नेला की फोटो पिवळा होतो! कारण तो आकडा म्हणजे 'फोटो असा कर' ही ऑर्डर नाही. तुम्ही कॅमेऱ्याला सांगताय की इथला उजेड निळा आहे, मग तो भरपाई म्हणून पिवळा ओततो.

प्रो मोड नसेल तर एडिटिंगमध्ये 'वॉर्म्थ' स्लायडर आहेच. स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सला ड्रॉपरही मिळतो: फोटोतली खरोखर पांढरी किंवा राखाडी वस्तू निवडायची. ऑनलाइन साड्या विकणाऱ्यांनी हे नक्की वापरावं, पार्सल परत येणं कमी होईल. पण पणतीच्या फोटोला ड्रॉपर लावू नका, दिवाळीची ट्यूबलाइट होते. आणि ब्यूटी मोड? तो सरळ त्वचेचाच रंग बदलतो. माझ्या फोनवर तो कायम बंद असतो.

आजीच्या फोटोत मी वॉर्म्थ वाढवली. चेहरा सुधारला, पण पणत्या लालभडक झाल्या. एका फ्रेममध्ये दोन रंगांचे उजेड असतील तर एक स्लायडर दोघांना सांभाळू शकत नाही. चेहरा वेगळा सिलेक्ट करून तेवढाच दुरुस्त करावा लागतो. शक्य असेल तर रॉ मध्ये शूट करा, त्यात व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा बदलता येतो. जेपेगमध्ये तो भाजून पक्का झालेला असतो, थोडाफारच हलतो. माझा फोटो अर्थातच जेपेग होता.