दारात उभी असलेली १७० वर्षं

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, साधारण ४०० पाहुणे. आज सकाळच्या फास्टला जवळपास तेवढी माणसं एका डब्यात असतात!

१८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत पोचले. पुढे मुंबईत घर परवडेना, तशी गिरगाव-दादरची कुटुंबं डोंबिवलीला आली. घर लांब गेलं, नोकरी मात्र तिथेच राहिली. त्यातून एक अजब रीत पडली. मुंबईला जायचं, पण आधी उलटं कल्याणला जायचं, सीट पकडायची आणि त्याच गाडीने परत आपल्याच स्टेशनवरून पुढे. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, डोंबिवलीकराला नाही.

दिव्याची गोष्ट वेगळी. तिथे फास्ट थांबायचीच नाही आणि स्लो यायची ती भरूनच. २ जानेवारी २०१५ ला गाड्या रखडल्या आणि लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली. फास्टचा थांबा मिळाला, तो त्यानंतर. गर्दी मात्र तीच.

९ जून २०२५. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चौघांचा जीव गेला. साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेने लगेच जाहीर केलं. आत हवा यावी म्हणून दारांना झडपा, छतावर पंखे.

पण दार लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. मग दिव्याला दारातले ते शेवटचे चार जण आत घ्यायचे कुठे?