मालमत्ता कर : सवलत व अपील

महाराष्ट्रातील महानगरपालिका घरावर आकारत असलेल्या मालमत्ता कराचा बोजा घरमालकाला सवलतीने किंवा आकारणीस आव्हान देऊन कमी करता येतो. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिका मालमत्ता करातून मुक्त आहेत. पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास घराच्या वाजवी भाड्यात, म्हणजे ते भाड्याने दिल्यास मिळू शकेल अशा अपेक्षित रकमेत, 40 टक्के सूट मिळते. त्यामुळे वार्षिक भाडे 1,00,000 रुपये धरले, तर सूट व दुरुस्तीची 10 टक्के वजावट जाऊन करयोग्य मूल्य 90,000 ऐवजी 54,000 रुपये ठरते. ही सूट बंद झाल्यावर नागरिकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि 2023 मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा लागू केली. मात्र ज्यांची सूट गेली होती त्यांना ‘पीटी-3’ अर्जासोबत स्वतःच्या वास्तव्याचा पुरावा, उदाहरणार्थ सोसायटीचे ना-हरकत पत्र, जोडावा लागला.

क्षेत्रफळ, वापर किंवा बांधकामाचे वर्ष चुकीचे नोंदले गेले असल्यास आकारणीच्या नोटिशीतील मुदतीत लेखी हरकत घेणे अत्यावश्यक असते, कारण हरकतीवरील निर्णयाविरुद्ध न्यायालयात अपील करताना आधी तक्रार केल्याचे दाखवावे लागते व बिल निघाले असल्यास मागणीची रक्कमही भरावी लागते. ही अट लहान घरमालकास जाचक ठरते. म्हणून हरकतीच्या सुनावणीतच मोजमापाचा नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र सादर करणे हिताचे असते.